तिला जेवायला कोण देतं?

प्रिय अश्विन,

फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणतोस आणि विषय बदलतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाला मध्येच रेंज जात नाही. तुझा दोस्त रूपेश कामासाठी तिकडे मस्कतला येतो आहे, त्याच्या हाती देते. "ताई, पत्र? व्हॉट्सॲप बंद पडला काय?" म्हणून तो हसला. हसू दे. तू मात्र हे त्याच्यासमोर उघडू नकोस.

आधी तू पाठवलेल्या भेटीबद्दल. 'आपली सेनापतीची मालिका नव्याने आली आहे, आत्याला आणि मला हिने वेड लावलं होतं,' असं लिहून तू ती थेट तुझ्या अकरा वर्षांच्या पोरीच्या टॅबवर पाठवलीस. मला विचारलं नाहीस. मला कळेपर्यंत अक्षताचे दोन भाग पाहून झाले होते. शनिवारी दुपारी मी ओट्यापाशी बांगडे साफ करत होते, तेवढ्यात आतून किंकाळ्या ऐकू आल्या. हात धुऊन तिच्या शेजारी जाऊन बसले. बांगड्याच्या पोटातलं काढताना मला आयुष्यात कधी किळस आली नाही, अश्विन. तिसरा भाग पाहताना आली. तो संपल्यावर टॅब काढून घेतला आणि पुढचे सगळे भाग रविवारी ती क्लासला आणि मैत्रिणीकडे गेलेली असताना एकटीने पाहिले. दात आवळून पाहिले.

बेलापूरच्या घरी तू सुटे भाग जमवून उभा केलेला कॉम्प्युटर, रूपेशने कुठून कुठून मिळवलेल्या सीड्या, जपानी बोलणं आणि खाली धावणारं इंग्रजी. तू नववीत, इंग्रजीत कच्चा. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. एकेक ओळ मराठीत करून तुला ऐकवायचे. 'ही रात्र संपवून मी येईन, तोवर दिवा विझू देऊ नकोस.' तू हे बाथरूममध्ये बादली वाजवत ओरडायचास आणि आई बाहेरून म्हणायची, "आधी अंगावरचा साबण संपव, मग रात्र संपव." मूळ ओळीत नुसतं 'थांब, मी येईन' एवढंच होतं. रात्र आणि दिवा मी पदरचे घातले होते, तुला आवडेल म्हणून.

आता त्या मालिकेत काय आहे ते ऐक, कारण तुला फक्त तलवार आठवत असणार. पहिल्या भागात त्याची बायको मरते. तिला नाव नाही. ती मरते ती त्याचा चेहरा उदास दिसावा म्हणून. पुढे ज्या ज्या बाया येतात, त्यांच्यापर्यंत तलवार पोचण्याआधी कपडे फाटतात. मुंडकं उडतं ते सावकाश, मागे बासरी लावून. लढाई म्हटली की रक्त येणारच, माझी त्याला हरकत नाही. पण दाखवणाऱ्याला त्यात चव लागली आहे, बोटं चाटत तो दाखवतो आहे, हे आपल्याला तेव्हा दिसलं कसं नाही? आणि तो आपला थोर सेनापती! अंधाराच्या राजाशी लढायला सैन्य हवं, म्हणून पाच वर्षांच्या लेकीला दलदलीतल्या चेटकिणीकडे ओलीस ठेवतो. हिवाळा संपला की नेतो म्हणतो. मग एक किल्ला, मग दुसरा किल्ला. प्रत्येक किल्ल्यावर चढून चंद्राकडे बघत तेच 'थांब, मी येईन' म्हणतो आणि पुढच्या किल्ल्याकडे निघतो. शेवटच्या भागात परत येतो, तेव्हा ती पोर शेवाळाची, दलदलीतलीच काहीतरी झालेली असते. त्याला ओळखत नाही. तो तिलाच कापतो आणि रडतो. आपणही रडलो होतो. त्याच्यासाठी! तिच्यासाठी एक टिपूस नाही. या रविवारी मला उठून तोंड धुवावं लागलं.

अक्षताने जे विचारलं, ते आपल्याला कधी सुचलं नाही. चेटकीण पोरीचा हात धरून चिखलातून नेते आहे, सेनापती घोड्यावरून वळून बघतो आहे, संगीत भरून आलं आहे, आणि ही म्हणते, "आत्या, तिला जेवायला कोण देतं?" मी म्हटलं, दाखवलेलं नाही. थोडा विचार करून म्हणाली, "चेटकीणच देत असणार. म्हणजे ती एवढी पण वाईट नाहीये." मग जेवताना माझ्याकडे बघून फिसकन हसली. "आत्या, केस सोडलेस ना, की तू सेम तशीच दिसतेस." मी तिच्या ताटात बांगड्याचा दुसरा तुकडा वाढला आणि गप्प जेव म्हटलं.

तुझी प्राची वारल्यावर तुला त्या घरात बसवत नव्हतं, हे मी पाहिलं होतं. चौथ्या महिन्यात मस्कतचं काम आलं तेव्हा मीच म्हटलं, जा, एक वर्ष मी सांभाळते. त्याला आता तीन वर्षं होत आली. आधी डोंबिवलीचा फ्लॅट, मग बढती, आता म्हणे आणखी दोन वर्षांचा करार. तू पैसे वेळेवर पाठवतोस, त्याबद्दल मी बोलत नाही. शाळेच्या पालकसभेत मला 'अक्षताची मम्मी' म्हणतात. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायचे. आता करत नाही. तिला चष्मा लागला आहे, हे तुला ठाऊक नाही, कारण तुझा व्हिडिओ कॉल आला की ती तो काढून ठेवते. का, विचारलं, तर म्हणाली, "बाबांना मी ओळखू आले पाहिजे ना."

आणि प्रत्येक फोनच्या शेवटी तू तिला काय म्हणतोस? 'ही रात्र संपवून मी येईन, दिवा विझू देऊ नकोस.' ती रोज संध्याकाळी बाल्कनीतला दिवा लावते, अश्विन, आणि मला बंद करू देत नाही. मला वाटायचं, अंधाराला भिते. त्या तिसऱ्या भागात सेनापती लेकीला 'थांब, मी येईन' म्हणाला, तेव्हा कळलं, ती तुझ्यासाठी लावते. हे वाक्य माझं आहे. ते मी परत घेते आहे. यापुढे तिच्याशी बोलताना ते वापरायचं नाही. साधी तारीख सांग.

आलास तर तिचं सामान भरलेलं असेल, शाळेचा दाखला मी काढून ठेवीन. नंतर काही दिवस मी कोणाचा फोन उचलणार नाही, तिकडे तू लक्ष देऊ नकोस. नाही आलास तरी तिला वेळेवर जेवायला मिळेल. पण मग तसं तू स्वतः तिला सांगायचं, चंद्राबिंद्राकडे न बघता. सोमवारी शाळेला निघताना, बुटांची नाडी बांधता बांधता तिने विचारलं, "आत्या, तू सगळे भाग बघितलेस ना? शेवटी तो येतो का?" मी आजवर तिच्याशी खोटं बोललेले नाही आणि खरं माझ्याच्याने सांगवलं नाही. मी म्हटलं, मला नक्की ठाऊक नाही, तुझ्या बाबांना विचारून सांगते. ती रोज शाळेतून आली की विचारते, उत्तर आलं का. म्हणून हे पत्र. कळव.

तुझीच ताई, आणि सध्याची चेटकीण,
संघमित्रा