तीस मीटरवरची नशा

२२ सप्टेंबर

तीस मीटरवर मला नायट्रोजन चढला. लेकीने खात्री केली. लेकच इथली मुख्य डायव्हिंग प्रशिक्षक, म्हणजे अपील नाही!

खोल पाण्यात टाकीतल्या साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो, हे पुस्तकात वाचलं होतं. लक्षणं — उगाच हसू, गणित चुकणं, नको ते धाडस. माझं लक्षण — मी तिचा हात धरला. शुद्ध तपासायला तिने पाण्यातल्या पाटीवर लिहून दिलेला गुणाकार मी बरोबर सोडवला होता, तो कुणी विचारात घेतला नाही. ती मला अठरा मीटरवर घेऊन आली. तिथे नशा उतरते म्हणे. मी ओशाळून हात सोडला. झालं, सिद्ध झालं!

आता माझ्या डायव्हिंगच्या परवाना-कार्डावर अठराच मीटर. बुडालेलं जहाज तीसवर. पुढच्या आठवड्यात ती दूरच्या किनाऱ्यावर नोकरीला जाणार. त्याआधी दोघांनी ते बघायचं ठरलं होतं.

२३ सप्टेंबर

टाक्या भरणारा म्हणाला, काका, ऑक्सिजन वाढवून घ्या, नायट्रोजन आपोआप कमी. मी ऐटीत छत्तीस टक्के मागितला. लेकीने यंत्र लावून मोजला आणि टाकी बाजूला ठेवली. छत्तीसवर अठ्ठावीस मीटरच्या खाली जायचं नाही; त्यापुढे ऑक्सिजनच विषासारखा वागू लागतो. म्हणजे जास्त मागा आणि कमी खोल जा. बत्तीसवर तीस मीटर चालतं. पण नशेच्या बाबतीत ऑक्सिजनही काही धुतल्या तांदळासारखा नाही, म्हणाली.

२४ सप्टेंबर

बायकोला फोनवर सांगितलं. पोट धरून हसली. "अहो, घरात कधी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाहीत. समुद्राच्या तळाशी जाऊन हात धरलात, तर तिला दुसरं काय वाटणार?"

२५ सप्टेंबर

उभा जन्म वर्तमानपत्रात गेला. खुलासे छापले, दिलगिऱ्या छापल्या, तेही वेळेत. हा एका ओळीचा खुलासा मात्र तोंडातून निघत नाही. नशा होती म्हटलं की अब्रू राहते आणि जहाज जातं.

२६ सप्टेंबर

सांगून टाकलं — मी पूर्ण शुद्धीत होतो.

ती मास्कची काच पुसू लागली. मग म्हणाली, "गणित बरोबर होतं, ते मला तिथेच दिसलं होतं, बाबा. तुम्ही हात धरलात आणि मलाच काही सुचेना. म्हणून वर आणलं."

उद्या सकाळी पुन्हा तीस मीटर. साधीच हवा.