काकांच्या गळ्यातले अण्णा

१४ सप्टेंबर १९८६, रविवार
सकाळी अहिल्याबाई घाटावर गंगाजल आणायला गेले. ओळखीचा नाववाला म्हणाला, “दीदी, कल संकठा घाट पर बड़े गुरुजी की आवाज सुने. हम तो डर गए.” हसले. घरी येईस्तोवर निम्मं पाणी साडीवर.
बडे गुरुजी म्हणजे अण्णा. वडिलांना जाऊन दीड वर्ष. आवाज कुणाचा ते कळलं. काकांचा. आईला बोलले नाही.

१६, मंगळवार
गेले. संकठा घाटावर. कॉलेजला उशीर झाला तर झाला. काका कमरेइतक्या पाण्यात, पाठमोरे. रुद्रपठण चाललेलं. तोच घोगरा सूर, श्वास घेण्याची जागासुद्धा तीच. पायरीवर बसून डोळे मिटले.
लहानपणी दोघं भाऊ असे शेजारी उभे राहून म्हणायचे. आम्ही सगळी चुलतभावंडं काकडत बसलेली. नैवेद्याआधी अण्णा कुणाला काही तोंडात घालू देत नसत. काका उपरण्यात दडवून जिलेबी आणायचे. अण्णांना कळत असणार. मुद्दाम डोळे मिटून घेत असतील, असं आता वाटतं.
काका वळले. “केव्हा आलीस?” इतक्या वर्षांनी एवढंच.

१८, गुरुवार
आईला सांगितलं. तांदूळ निवडत होती. काकांच्या सुधाताईनं बंगाल्याशी लग्न केलं, तेव्हापासून अण्णांनी भावाला घर बंद केलं.
“शब्द त्यांचा. मी कोण मोडणार?” आई म्हणाली. मग तांदूळ बाजूला सारून, “आवाज खरंच तसाच आहे?”
हो म्हटलं. उठून आत गेली.

२१, रविवार
पितृपंधरवडा लागला. अष्टमीला अण्णांचा पक्ष. वर्षश्राद्ध भटजींनी भराभर उरकलं होतं, अण्णांचं गोत्रही चुकवलं. यंदा काकांनी करावं असं मला फार... आई म्हणाली, “विचार हवं तर.”
संध्याकाळी काकांकडे गेले. काकांनी ऐकून घेतलं. “दादासाठी घाटावर रोज पाणी सोडतो मी. पण तुमच्याकडे यायचं तर सुधा आणि जावई माझ्या पंगतीला बसतील. त्यांना दाराबाहेर ठेवून येता आलं असतं, तर दादा असतानाच नसतो का आलो?”
सुधाताई जिन्यापर्यंत आली. माझी वेणी नुसती सारखी केली, पूर्वीसारखी.

२३, मंगळवार
आईला सगळं सांगितलं. जेवली नाही. अण्णांच्या फोटोसमोर बसून होती. “तुम्ही सुटलात,” एवढं ऐकू आलं. मलाही अण्णांचा राग आला. भांडायला तरी ते हवे होते.

२५, गुरुवार
सकाळी आई एकदम, “तो जावई मासे सोडून काय खातो गं?”
बघतच राहिले.
“बघतेस काय? वडे चालतील ना? गोड आवडतं त्या लोकांना. खीर जास्त करते. जा, सांगून ये.”
धावत गेले. काका बाहेर. सुधाताईनं ऐकलं, पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “आम्ही दोघं येऊ. बाबांचं नाही सांगता येत. अट घातली खरी, पण त्या घराचं नाव काढलं की उठून घाटावर जातात.”

२६, अष्टमी
भटजींना आईनं सांगितलेलंच नाही. काका नाही आले तर श्राद्ध करणार कोण, विचारलं. “पाट मांड,” म्हणाली.
मांडले. खीर झाली, आमटी झाली. ऊन अंगणात उतरलं. कुणी नाही अजून. वडे थापून ठेवलेत, आई तेल काही तापवेना.
“आले की तळू. भावोजी गार वडे खात नाहीत.”