उराताच्या पोटातली गोष्ट

रमला, केरकेना बेट
३ डिसेंबर १९८४

चि. तिजानीस,
अनेक आशीर्वाद.

घरी सगळे मजेत, मी सोडून. बाबांनी काल जेवताना जाहीर केलं, पुढच्या हंगामापासून आपली शरफिया, समुद्रातला मासे धरायचा पिढीजात सापळा, काकांच्या मुलाला, शाझलीला. का, तर त्यांच्यामागे घरात पुरुष नाही, तू तिकडे स्फाक्सला मासे चिरून बघायची सरकारी नोकरी करतोस! मग इतकी वर्षं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून खजुराच्या झावळ्यांचं ते कुंपण कोण रोवतंय, मांजर? गेल्या साली शाझलीने एकदाच हात लावला, तर कुंपणाचं तोंड उलटं ठेवलं आणि ओहोटीबरोबर मासे आरामात निघून गेले. मला रडूच आलं रे. रागाने कुसकुस करपवलं. तू काहीतरी लिही त्यांना.

लोभ असू दे, आणि पुढच्या बोटीने चहापूड पाठव.
तुझी ताई,
मोंजिया

स्फाक्स
९ डिसेंबर १९८४

ती. मोंजियाताईस,
सप्रेम सलाम.

बाबांशी वाद घालायची माझी छाती नाही. पण एक गंमत लिहितो, ती त्यांना चहाच्या वेळी वाचून दाखव. आपला उराता मासा जन्मतो नर. दोनेक वर्षं किनाऱ्याजवळच्या गवतात शिंपले फोडत हुंदडतो. मग अंगाने भरला की त्यातले बरेचसे मादी होतात. बाबा ज्यांना ‘आपले राजे’ म्हणतात, ती कपाळावर सोनेरी पट्टा मिरवणारी धुडं बहुतेक सगळ्या बायका! थंडीत अंडी घालायला खोल पाण्याकडे निघतात आणि वाटेत आपल्या सापळ्यात शिरतात. खोटं वाटलं तर पोटं फाडून बघा म्हणावं.

चहापूड पाठवलीय. माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा,
तिजानी

रमला
२० डिसेंबर १९८४

चि. तिजानीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून बाबांनी पेला आपटला. म्हणाले, कार्ट्याला शिकवलं ते यासाठी? माझ्याशी अबोला धरला. पण गंमत बघ, आता प्रत्येक उराता स्वतः साफ करतात. मोठा चिरला, गाबोळी. दुसरा चिरला, पुन्हा गाबोळी! लहानग्यांत नुसता नराचा पांढरा चीक. काल शेवटचं धूड चिरून माझ्याकडे बघत बसले. शरफियाचं मात्र नाव काढत नाहीत. जीव टांगणीला लागलाय माझा.

आठवण ठेव.
ताई

रमला
२२ सप्टेंबर १९८५

चि. तिजानीस,
अनेक आशीर्वाद.

काल नव्या हंगामाच्या झावळ्या रोवल्या. पहिली झावळी मालकानेच रोवायची, तुला ठाऊक आहेच. शाझली नवा शर्ट घालून आलेला. बाबा झावळी घेऊन पाण्यात उतरले, सगळ्यांदेखत कंबर धरली, कण्हले, आणि झावळी माझ्या हातात कोंबली. कुंपणाचं तोंड कुठे ठेव तेही सांगितलं नाही. ओहोटीची दिशा बघून मीच रोवली! आनंदाने डोळे भरून आले.

परतताना शाझलीने कुजकटपणे विचारलं, मग तिजानीच्या वाट्याला काय? बाबा म्हणाले, तो अजून पुरुषच आहे ना? वाढू दे जरा, मग बघू.

लोभ आहेच.
तुझी ताई,
मोंजिया