माय, चप्पल घाल

पुणे

माय,
तुह्या पायावर डोकं ठेवतो. तब्येत ठीक आहे, जेवतो. गाय व्याली का? फोनवर सगळं बोलता येत नाई, म्हणून लिहून रायलो. शेजारची आकांक्षा वाचून दाखवीन.

व्हिडिओत माहे पाय सायकल चालवताना पाहून तू लय रडली म्हणे. कापसाच्या ट्रॉलीवरून पडलो, तवापासून ते पयल्यांदाच हलले. पण माय, ते मी नाई हलवत. मांडीले पट्ट्या चिकटवून करंट सोडतात, तवा पायडल फिरते. बटन बंद केलं का पाय थांबतात. व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणतात, करंटसंग तूही मनातून जोर लाव. मी लावतो, मनातल्या मनात पायासंगच बोलतो. इथं दवाखान्यात दिवसभर दुसरं बोलायले तरी कोण आहे?

पोरगा चालेपर्यंत अनवाणी राहीन, असा नवस तू बोलली. व्हिडिओ कॉलवर तू पाय लुगड्यात लपवते, ते मले दिसते.

देवाले सांग, पोराचे पाय हलले, एवढ्यावर भागव. चालायचं माह्यावर सोड.

माह्या पायात काटा मोडला तरी मले समजत नाई, माय. तुले तर समजते. चप्पल घाल.

तुहा,
अंकुर