हात दिसले पाहिजेत

१८ जानेवारी, तोंडवळी

पुन्हा अडकलं! अक्षदाचे दोन्ही हात छातीशी, तोंड अर्धवट उघडं — आणि चित्र तसंच थिजलेलं. दुसरं कुणी असतं तर फोन करून विचारलं असतं. अक्षदाला ऐकू येत नाही. लिहिलेलं जेमतेम कळतं. तिचं बोलणं म्हणजे तिचे हात. चित्र थांबलं की सगळंच थांबलं.

आणि तिच्या खुणा वाचून नाशिकच्या डॉक्टरबाईंना मराठीत सांगणारी मी कुठे? समुद्रकाठी माडांखाली, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये!

गुरू म्हणतो, "गाडीचा पत्रा रेंज अडवतोय. छपरावर अँटेना लावू." लाव बाबा. चाकांवरचं घर हे माझ्या या नवऱ्याचं स्वप्न. अक्षदाचं बाळंतपण होईस्तोवर पुण्यातच राहू, म्हटलं होतं मी. "अजून महिना आहे गं. नेट असलं की कुठूनही काम होतं."

असलं की!

१९ जानेवारी

अँटेना चढला. बाबलीकाकांच्या माडाच्या बागेत आमचा मुक्काम. त्यांनीच बांबू तोडून दिला. गुरू छपरावर बांबू फिरवतोय, मी आतून ओरडतेय — आलं, गेलं, आलं, तिथेच धर!

काका खालून बघत होते. "मॅच बघतास काय गो?"

"नाही काका. एका बाईचे हात."

सगळं सांगितलं. डोक्याचा टॉवेल काढून पुन्हा बांधला त्यांनी. "मगे नीटच दिसाक होया."

२१ जानेवारी

आज अक्षदा स्वच्छ दिसली. पोटावर हात ठेवून बसली होती. आज पहिल्यांदाच मागच्या बाळंतपणाचं बोलली. दवाखान्यात सगळे तिच्या डोक्यावरून बोलत होते. कुठे नेतायत, कशाला, कुणी खुणेनंही सांगितलं नाही. जाग आली तेव्हा पोट कापलेलं. बाळ नव्हतं. तेही कुणी सांगितलं नाही — रिकामा पाळणा बघून तिला कळलं.

"पुन्हा सुरी नको," म्हणाली. डॉक्टरबाई चांगल्या आहेत. "प्रयत्न नक्की करू. पण वेळ आली तर ठरवावं लागेल."

अक्षदानं मला विचारलं, "मला विचारतील?"

मी म्हटलं, मी विचारीन. तू सांगशील तेच मी बोलेन.

२३ जानेवारी

जोडून सुट्ट्या. किनाऱ्यावर गाड्याच गाड्या. जो तो व्हिडिओ पाठवतोय आणि आमचं नेट गोगलगाय झालंय. गुरू मालवणात जाऊन दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन आला. सकाळी चाललं. दुपारी तेही ढेपाळलं.

भांडलो. "मला नाशिकला सोड."

"गर्दी ओसरली की निघू. सड्यावर, त्या वरच्या कातळमाळावर, बघून आलोय मी, वर रेंज मस्त आहे. लागलंच तर गाडी वर नेऊ."

लागलंच तर म्हणे.

२५ जानेवारी

 घडलं तसं लिहिते.

सकाळी विकीचा मेसेज — अक्षदाचा नवरा, त्यालाही ऐकू येत नाही — "कळा. दवाखाना." इतक्या लवकर! कॉल लावला. चौकोन-चौकोन नुसते. गुरूनं खुर्च्या, भांडी तिथेच टाकली, गाडी काढली. सड्याची वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी काजू. बाबलीकाका कोयता घेऊन पुढे धावत, फांद्या तोडत. "येवा, येवा! उजवीकडे घेवा!" पत्र्यावर फांद्या खरवडत होत्या. मी मागे लॅपटॉप छातीशी धरून.

वर पोचलो. चित्र आलं! घामेजलेली अक्षदा. मला बघून हसली. हो, त्यातही हसली. बराच वेळ छान चाललं. डॉक्टरबाई बोलत होत्या, मी हातांनी सांगत होते, ती उत्तर देत होती.

मग डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. "बाळाचे ठोके मंदावतायत. थांबणं धोक्याचं आहे. सिझर करू का, विचारा तिला."

मी विचारलं. तिनं समजून घेतलं, डोळ्यांत दिसलं मला. तिनं उजवा हात उचलला —

आणि थिजलं. हात हवेत, अर्धा.

आवाज मात्र येत होता. "काय म्हणते? बाई, वेळ नाही माझ्याकडे!"

मी छपराकडे ओरडले. गुरू बांबू फिरवत होता. "आलं? आलं?" नाही. तोच हात. हवेत.

"हो म्हणाली का?"

मी म्हटलं, "हो."

मग आवाजही गेला.

२६ जानेवारी

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बाबलीकाका सकाळीच आले. "पोर बरा आसा मा?" हो म्हटल्यावर घरी जाऊन काकींना घेऊन आले, खोबऱ्याच्या वड्यांचं ताट घेऊन. गुरू सगळ्यांना सांगतोय, हिच्यामुळे वाचलं पोर. डॉक्टरबाईंचाही मेसेज: तुम्ही वेळेवर सांगितलंत.

माझी वडी मी कागदात गुंडाळून ठेवली.

२७ जानेवारी

तो हात. डोळे मिटले की तोच. पंजा उघडा होता की मिटायला लागला होता? मान हलली होती का? त्या हाताचं पुढे काहीही झालं असतं.

गुरूला सांगितलं.  तो म्हणाला, "पोर जिवंत आहे. थांबली असतीस तर?"

तेच तर. थांबले असते तर काय झालं असतं, ठाऊक आहे मला. उद्या तशीच वेळ आली तर? पुन्हा 'हो' म्हणेन बहुतेक. हेच गिळवत नाही.

"तिला कशाला सांगतेस?" गुरू म्हणाला.

मागच्या वेळीही कुणी सांगितलं नव्हतं तिला.

२८ जानेवारी

किनारा रिकामा. नेट कसं वाऱ्यासारखं धावतंय! आता!!

३० जानेवारी

अक्षदाचा कॉल. मांडीवर लेक झोपलेली. चित्र इतकं स्वच्छ, की पोरीच्या पापण्या दिसत होत्या. सांगून टाकलं सगळं — तुझा हात थिजला होता, मला दिसलं नाही, तरी मी 'हो' म्हटलं.  तिनं एका हातानं लेकीला सावरलं आणि दुसऱ्या हातानं, सावकाश, मला नीट दिसेल असं सांगितलं:

"मी नाही म्हटलं होतं."