नस काढण्याची अद्ययावत पद्धत

३ नोव्हेंबर, सोमवार
बाबांच्या हृदयात तीन ब्लॉक. बायपास करावीच लागणार. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, पायातली नस काढू आणि छातीत जोडू. कशी काढणार? चिरून, घोट्यापासून मांडीपर्यंत. मी विचारलं, दुर्बिणीने का नाही? गुडघ्याजवळ छोटी चीर, नस आतल्या आत सुटते. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. तुम्ही काय करता? मी म्हटलं, फार्मसी. (दीड वर्ष केली, मग सोडली. पण विषय तो नव्हता.)
त्यांच्याकडे दुर्बीण नाही. गुरुवारची तारीख दिली.
बाबांना शुगर आहे. दिवसभर शेवंतीच्या वाफ्यात, चिखलात उभे. एवढी लांब जखम चिघळली तर? संकल्प: न चिडता, अभ्यास करून निर्णय घेणे.

४ नोव्हेंबर
दिवसभर अभ्यास. तुलना अशी: चिरून काढली तर नस डोळ्यांसमोर निघते, पण पायाला टाकेच टाके, सूज. दुर्बिणीने काढली तर माणूस लवकर चालतो, पण काढणारा सराईत पाहिजे, नाहीतर नस आतच ओरबाडते. तिसरी पद्धत, भोवतालच्या चरबीसकट काढायची. नस जास्त टिकते म्हणे, पण पुन्हा चीर आलीच.
निष्कर्ष: दुर्बीण.
नागपूरला सोय आहे. पण नागपूरला ट्रॅफिक फार. अकोल्याच्या एका हॉस्पिटलच्या जाहिरातीतही दुर्बिणीचा फोटो दिसला. गीतांजली तिथेच स्टाफ नर्स आहे. बारावीत माझ्या वर्गात होती. निर्णयाशी तिचा काहीही संबंध नाही. नोंद असावी.

५ नोव्हेंबर
घरात बैठक. सूर्यभानकाका म्हणाले, उद्याची तारीख भेटली तं सोडता कावून? पायावर वण राह्यला तं त्याले का पोरगी पाहायले जायचं आहे? सगळे हसले. माझं डोकं फिरलं. ओरडलो, तुमचा फक्त भाऊ आहे, माझा बाप आहे! वाक्य नीट जमलं नाही, आवाज जमला. आई रडायला लागली.
शेवटी बाबा म्हणाले, पोट्टा म्हनते तं चाला अकोल्याले.
अभ्यासाचा विजय. चिडण्याबद्दलचा संकल्प उद्यापासून.

६ नोव्हेंबर, गुरुवार
अकोला. बाबा भरती. मी निळा शर्ट घातला होता, प्रवासाला तो बरा पडतो.
गीतांजली वॉर्डातच भेटली. फाइल पाहून म्हणाली, अमरावतीची तारीख आजचीच होती न? मी तिला तिन्ही पद्धतींची तुलना समजावली. तिने ऐकून घेतली, बाबांचा बीपी घेता घेता. मग म्हणाली, दुर्बीणवाले सर नागपूरहून शनिवारी येतात. मागचे दोन शनिवार आलेच नाहीत.
माझाही बीपी घ्यावा असं सुचवलं. घेतला नाही. कामाचा ताण असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुर्बीणवाले सर आले नाहीत. रिसेप्शनवर जाब विचारला. टेबल थोडं जोरात वाजलं. सिक्युरिटीवाला म्हणाला, भाऊ, आवाज खाली, इथं हार्टचे पेशंट आहेत.
डॉक्टर म्हणाले, आम्ही चिरूनच घेतो, सोमवारी करून टाकू. मी म्हटलं, चिरायचंच असेल तर माझा पाय चिरा, माझी नस घ्या! गीतांजली समोरच उभी होती. डॉक्टर म्हणाले, पेशंटची स्वतःची असताना दुसऱ्याची घेत नाहीत. फार्मसी ना तुमची? (इथेही सांगून झालं होतं.)
पुढच्या शनिवारपर्यंत थांबायचं, असं ठामपणे सांगितलं. काकांनी फोनवर मला काय म्हटलं ते लिहीत नाही. बाबा म्हणाले, पोट्टा म्हनते तसं करू.

१० नोव्हेंबर, दुपार
जेवताना बाबांच्या हातातला घास खाली पडला. छातीत कळ, घामाने बनियन ओलं. डॉक्टर म्हणाले, आता थांबता येत नाही. मी म्हटलं, दुर्बीण? त्यांनी ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं.
गीतांजलीने मला बाजूला बोलावलं. या वेळेलाही छातीत धडधडलं, त्याची लाज वाटते. ती म्हणाली, शिवम, तू बाबाले माह्यासाठी इकडं आणलं का? माझ्याकडे कारणं भरपूर होती. ती म्हणाली, तुह्या मेसेजले मी उत्तर देत नव्हती, तेच उत्तर होतं. आता सही कर पटकन.
पेन तिचं होतं. परत दिलं.

११ नोव्हेंबर
झालं. छाती ठीक. पाय घोट्यापासून मांडीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, नस चांगली निघाली. हेच अमरावतीत झालं असतं, निवांत. हे डॉक्टर म्हणाले नाहीत, मीच म्हणतो.

१९ नोव्हेंबर
घोट्याजवळच्या टाक्यांतून पाणी येतंय. शुगर. ड्रेसिंग शिकून घेतलं, घरी मलाच करायचं आहे. गीतांजलीने ड्यूटी वरच्या मजल्यावर मागून घेतली. कुणावर चिडावं ते समजत नाही.
पट्टी बांधत असताना बाबांनी विचारलं, भेटली का ते पोरगी?
मी म्हटलं, कोणती?
ते म्हणाले, जिच्यापायी आलो ते.
म्हणजे माहीत होतं. मग आले कावून, मी विचारलं.
बाबा म्हणाले, तू कॉलेज सोडल्यापासून तुले पह्यल्यांदा वाचताना पाह्यलं. म्हटलं, वाचू दे.
मी दुर्बिणीचे फायदे सांगायला लागलो.
ते म्हणाले, पट्टी सैल कर बापा, पाय ठणकून राह्यला.