तारे लावून पाठवलेली फाईल

चिरंजीव भाचेसाहेब यांस,

मामाचे आशीर्वाद. या खेपेला 'अनेक' हा शब्द मुद्दाम गाळला आहे. मुद्रितशोधकाच्या हातून शब्द चुकून गळत नाहीत, हे तू जाणतोस. तुझी तब्येत उत्तमच असणार. दुसऱ्याच्या घरात काडी टाकून चारशे मैलांवर जाऊन बसलेल्या माणसाच्या तब्येतीला काय धाड भरली आहे? तरी रीत म्हणून विचारतो, खोकला गेला का? इकडे मी, तुझी मामी आणि वरच्या मजल्यावर तुझी आई असे आम्ही तिघं खुशाल आहोत. म्हणजे जिवंत आहोत आणि एकमेकांशी बोलत नाही. मामी गरजेपुरतं बोलते, पण तेही भिंतीकडे बघून. (भिंतीला काल दोनदा विचारलं, की चहा घेणार का. भिंत काही बोलली नाही, मग मीच घेतला.)

कागदावर का लिहितो आहे, असं तुझ्या मनात आलं असेल. मी 'आपली माणसं' या ग्रुपातून बाहेर पडलो आहे. यापुढे मला जे सांगायचं ते मी कागदावर लिहीन, पाकिटात घालीन आणि पाकिटाला डिंक लावीन. माहिती सुरक्षित कशी पाठवावी हे आता मला कुणी शिकवू नये. तू तर नाहीच नाही.

सगळं सुरू झालं ते तुझ्या आईच्या वर्गावरून. ताई निवृत्त झाल्यापासून रोज चार ते सहा वरच्या खोलीत संगणकासमोर बसून गणित शिकवते, हे तुला माहीत आहे. मुलं नऊ होती. पण ताईचं चित्र थिजायचं. प्रमेय अर्ध्यावर, हात हवेत, तोंड उघडं, आणि त्या अवस्थेत ताई दोन-दोन मिनिटं तशीच. मुलं कंटाळली. नवांची सात झाली, सातांची पाच झाली. ती खाली येऊन मला सांगायची, आणि मी म्हणायचो, ताई, कंपनीची लाईनच भिकार आहे. मी लाईनमनला तीनदा बोलावून तीनदा झापला. (तो बिचारा तिन्ही वेळा गच्चीवर चढला, उतरला आणि म्हणाला, साहेब, वायर ठणठणीत आहे. मी म्हटलं, वायर ठणठणीत असेल, आमची बहीण थिजते तिचं काय?)

शेवटी ताईने तुला सांगितलं, आणि तू तुझी ती अक्कल पाजळलीस. जिन्याखालच्या फळीवर चार शिंगांची जी इंटरनेटची पेटी तूच बसवून गेलास, तिच्या पोटातली सगळी मांडणी एका फाईलीत उतरवून पाठव, म्हणजे दोष कुठे आहे ते बघतो, असं तुझं म्हणणं. तुझा निरोप मी जपून ठेवला आहे, तो जसाच्या तसा असा: "मामा, आधी एक प्रत तशीच बाजूला ठेव. दुसऱ्या प्रतीतले सगळे पासवर्ड काढ. मग ती फक्त मला पाठव." वाचून कुणालाही वाटेल, किती जबाबदार मुलगा. पण 'फक्त मला' हे तू लिहिलंस कुठे? तेवीस जणांच्या ग्रुपवर. चौकात उभं राहून कर्ण्यातून 'माझ्या कानात सांग' म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. मी सरळमार्गी आहे. ज्या खिडकीतून अर्ज मागवला, त्याच खिडकीत अर्ज दिला.

आणि काम मी चोख केलं होतं. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पुस्तकांतल्या चुका वेचून पोट भरतो आहे. ती फाईल अकराशे ओळींची होती. मी ती कागदावर छापून घेतली, पट्टी ठेवून ओळीन् ओळ वाचली, तीनदा वाचली. सात पासवर्ड सापडले, सातही ठिकाणी तारे लावले. जितकी अक्षरं तितकेच तारे, उगाच एक कमी नाही की जास्त नाही. (मांडणी बिघडू नये म्हणून. तू नंतर म्हणालास, की त्यातून पासवर्ड किती लांबीचा आहे ते कळतं. कळू दे. उंची कळली म्हणून माणूस ओळखता येत नाही.) त्या अकराशे ओळींत राहिलेला एक पासवर्ड कुणी दाखवावा, मी मिशी उतरवतो.

पण तुझ्या मामीचा भाऊ पडला निवृत्त ग्रंथपाल. त्या गृहस्थाला छापील काही दिसलं की शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागदही तो दोन्ही बाजूंनी वाचतो. तू सोडलास तर बाकी कुणी ती फाईल उघडली नसती. याने उघडली, आणि सहाशे चाळिसाव्या ओळीला त्याला आमच्या घराला जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी सापडली. पेटी विचारते, या फोनचं नाव काय ठेवू? आता नाव विचारलं तर माणूस नाव ठेवतो. मी ठेवली होती. (रोमन लिपीत, कारण त्या पेटीला मराठी येत नाही. पण वाचणाऱ्यांना येतं.)

पहिला प्रश्न ग्रुपवर आला: "दाजी, हा 'फुकट वाचनालय' म्हणजे कोण?" पाच मिनिटांनी दुसरा: "याला सगळ्यांत कमी वेग दिलाय, आणि हा फक्त रविवारी येतो असं दिसतं. रविवारी तर मी येतो." मग मामीने यादी उघडली. तिच्या फोनचं नाव 'दक्षता विभाग' आहे, हे तिने चालवून घेतलं. पण माझ्या यंत्राचं नाव 'मालक' आहे, हे वाचल्यावर मात्र ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "या घराचा मालक कोण हे सव्वीस वर्षांत ठरलं नाही, आणि तुम्ही परस्पर पेटीला सांगून मोकळे झालात?" तोवर ग्रंथपालांनी 'वरचं मुख्यालय' शोधून काढलं होतं. नावापुढे वेग, वेळ आणि शेरा असं बरंच काही असतं. त्याविषयी इथे लिहीत नाही, कागद कमी आहे. ताईने ते वाचलं एवढं मला दिसलं, कारण पेटीत नसल्या तरी ग्रुपवर कुणी काय वाचलं याच्या खुणा दिसतात. पण जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

मग मी काय केलं असेल ते ऐक. टाचणी घेतली आणि पेटीच्या पाठीतलं ते बारीक भोक दाबून धरलं. म्हटलं, मुळावरच घाव घालू, यादीच राहायला नको. पेटी कोरी झाली. मग माझ्या लक्षात आलं, की यादीबरोबर घरातलं इंटरनेटही गेलं. हरकत नाही, फाईल आहे ना, तीच परत चढवू. चढवली. आता कंपनीचं यंत्र पलीकडून पासवर्ड विचारतंय, आणि आमची पेटी त्याला मोठ्या विश्वासाने आठ तारे सांगतेय. बाजूला ठेवलेली मूळ प्रत कुठे गेली म्हणून विचारू नकोस. तारे मी तिच्यावरच लावले होते. एका घरात एकाच मजकुराच्या दोन प्रती ठेवायच्या, हे आमच्या धंद्यात बसत नाही. जुनं प्रूफ टाकून दिलं नाही तर घोटाळा होतो, असं मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तुझ्या धंद्यात उलटं असतं हे तू ठळक अक्षरांत लिहायला हवं होतंस. लिहिलं होतंस, पण ठळक नव्हतं.

तीन दिवस घर अंधारात. (दिवे होते, पण तुला कळलं असेल.) चौथ्या दिवशी तोच लाईनमन आला, तीनदा झापलेला. त्याने पडद्यावरचे आठ तारे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तारे पाहिले. मग पाच मिनिटांत लाईन सुरू करून दिली आणि जाताना अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, तारे पाठवायच्या प्रतीवर लावायचे. ठेवायच्या नाही." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, याची आता लाज वाटते. या सगळ्याला जबाबदार कोण, हे तू तुझं ठरव. माझं ठरलेलं आहे.

तुझा,
मामा

ता. क. तुझी आई तुझा स्वेटर पार्सलने पाठवते आहे, त्यातच हे पाकीट येईल. स्वेटर घाल, खोकला अंगावर काढू नकोस. आणि एक किरकोळ काम कर. आईला फोन करून सांग, की ती नावं पेटी बसवताना तूच गंमत म्हणून टाकली होतीस. तू मुलगा आहेस, तुला ती पाच मिनिटांत माफ करेल. मला वेळ लागेल.

ता. क. २. नावापुरतंच नाही. 'वरचं मुख्यालय' याच्यापुढे चार ते सहा या वेळात मुंगीचा वेग लावला होता, तोही तूच लावलास असं सांग. तू फाईल पाहिलीच असशील, तेव्हा तुझ्याशी लपवाछपवी करून उपयोग नाही. तो मी लावला होता. त्या वेळात मी पडद्यावर बुद्धिबळ खेळतो. एकदा स्पर्धा होती, ऐन डावात लाईन अडकली, म्हणून एका दिवसापुरता लावला. शेराही तसाच लिहिला होता, 'फक्त आज', आणि तारीख. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची आहे. दुसऱ्या दिवशी डाव फार सुरळीत चालला, आणि काढायचा राहिला. म्हणजे राहिला नाही, ठेवला. लाईन बंद पडली त्या तीन दिवसांत ताईने फोनच्या डेटावर वर्ग घेतला, एकदाही थिजली नाही. दोन मुलं परत आली, आता सात आहेत. आता लाईन सुरू आहे, नियम काढला आहे, तरी ती त्या टीचभर पडद्यावरच शिकवते. फोन शब्दकोशाला टेकवून ठेवते. गेल्या साली डोळ्यांचं ऑपरेशन झालेली बाई. मी रोज चार वाजता जिन्यात उभा राहून ऐकतो. तिला म्हणावं, निदान मोठ्या पडद्यावर ये. मी म्हटलं तर ती येणार नाही.

ता. क. ३. यादीत तुझा फोन 'दीडशहाणा' या नावाने होता. ते नाव मी रागाने ठेवलेलं नाही, तेवढं खरं मान. माझी डिंकाची बाटली वाळली आहे, दुसरी ताईकडे आहे, म्हणून पाकीट तसंच वर पाठवतो. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

चि. बाळास,

पाकीट उघडं आलं. मी तीस वर्षं शाळेत काढली, उघडा कागद हातात आला की तपासला जातो. नावाचं मला काही वाटलं नाही, मुलांनी मला याहून वाईट नाव दिलं होतं. चौदा महिने मात्र मनाला लागले. मला वाटत होतं, मलाच आता नीट शिकवता येत नाही. स्वतःवर काही घ्यायला जाऊ नकोस, तुला खोटं बोलता येत नाही. उद्यापासून मी वर्ग खाली घेणार आहे, मामाच्या खोलीत, त्याच्या टेबलावर, त्याच्या मोठ्या पडद्यावर, चार ते सहा. जिन्यात उभं राहून त्याचे गुडघे दुखतात, तो समोर बसेल. त्याचं गणित शाळेपासून कच्चं आहे. सात आणि एक आठ. मी हे वाचलं, असं त्याला कळवू नकोस. उद्या चार वाजता कळेल. पाकीट मी चिकटवलं आहे.

आई